जपानी ढोल आणि लिंबाजीमामा

मित्रांनो, उदगीरजवळच्या एका गावात शाळेच्या कपाटाला टेकून उभा असलेला जुना जपानी ढोल म्हणजे मी. केयाकी नावाच्या झाडाचं अख्खं खोड कोरून मला घडवलं, दोन्ही तोंडांवर कातडं ताणून खिळे ठोकले. मला घडवणाऱ्या कारागिराची मुलगी हारुको मला वाजवायची. तीच मला इथं घेऊन आली.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. लहान गावांना जपानी कलेची ओळख व्हावी म्हणून तिकडची एक संस्था अनुदान देते, असं इथल्या शिक्षिका सिंधुबाईंना कळलं. त्यांनी अर्ज केला. माझ्यासोबत गावचं वाद्यही वाजायला हवं, अशी अट होती. गावातल्या लिंबाजीमामांच्या घरी पूर्वी हलगी वाजवायचे, म्हणून सिंधुबाईंनी लिहून टाकलं, 'लिंबाजी यांचे हलगीवादन'. अनुदान मंजूर झालं.

मी आलो ते दुष्काळात. मला सगळ्याचंच नवल वाटे. आमच्याकडे पावसाच्या ओलीनं माझं कातडं सैल पडायचं. इथं बायका सकाळपासून टँकरची वाट बघत रांगेत बसलेल्या. त्यांतल्या कोंडाबाई मला बघून म्हणाल्या, "पाण्याला पैका न्हाई, अन् ढोलाला हाय." त्यांचं खोटं नव्हतं. पण ते अनुदान पाण्यावर खर्चता येत नव्हतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सिंधुबाईंनी लिंबाजीमामांना शाळेत बोलावून अट सांगितली. मामा शांतपणे म्हणाले, "बाई, आम्ही धम्म घेतला त्या दिवशी माझ्या बापानं हलगी चुलीत घातली. मेलेली ढोरं वढायची, अन् कुणी बोलवलं की वाजवत जायाचं, ते तिथंच संपलं. मी वाजवणार न्हाई."

"पुढच्या वर्षीचं अनुदान जाईल, मामा."

"जाऊ द्या."

सिंधुबाईंची मान खाली गेली. मामांना न विचारता त्यांचं नाव लिहिलं, ही आपली चूक झाली, असं त्यांनी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी मला पटांगणात भर उन्हात मांडलं. माझं कातडं तडतडू लागलं. कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. मागं बसलेले लिंबाजीमामा मात्र उठले. त्यांनी मला लिंबाच्या सावलीत सरकवलं, खांद्यावरचं उपरणं माझ्यावर टाकलं आणि तळव्यानं कातडं चाचपलं.

हारुको बघत होती. ती कॉलेजात हिंदी शिकली होती, आणि मामांना निजामाच्या काळातली उर्दू येत होती. तिनं विचारलं, कातड्याची एवढी जाण कुठून आली? मामांनी बापाच्या हलगीचं सांगितलं. मग तीही सांगू लागली. आमच्याकडे कातडं कमावणाऱ्यांची वस्ती गावाबाहेर असे. तिची आजी त्याच वस्तीतली, म्हणून गावातल्या कुठल्याच घरानं तिला सून करून घेतलं नव्हतं. ढोल मात्र देवळात मानानं ठेवत.

मामा तिच्याजवळ जमिनीवर बसले. मग त्यांनी विचारलं, "तुमच्यातबी?"

ती हो म्हणाली. मामांचे प्रश्न मग थांबेनात. पाणवठा वेगळा होता का? शाळेत कुठं बसवायचे? कार्यक्रम खोळंबला, पण कुणी उठलं नाही. शेवटी हारुकोनं माझ्या दोन काठ्या त्यांच्यापुढे धरल्या आणि म्हणाली, वाटलं तरच.

मामांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या. "ह्यो वाजवायचा हुकूम मला कुणी केला न्हाई," ते म्हणाले, आणि त्यांनी घाव घातला. मित्रांनो, माझ्या पोटात असा आवाज आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं.

सिंधुबाईंनी अहवालात खरं तेच लिहिलं : हलगी वाजली नाही, ती का वाजली नाही, आणि काय वाजलं. पुढच्या वर्षी अनुदान आलं नाही. पण हारुको मला मामांच्या हवाली करून गेली. दर रविवारी ते शाळेत येत, आणि ज्याला हौस असेल त्याला शिकवत.

आता मामा नाहीत, माझं कातडंही एका कडेनं फाटलं आहे. तेवढं बदलून घ्या, आणि मला उन्हात ठेवू नका. पण घरात एखादं जुनं वाद्य सापडलं, तर नुसतं पुसून ठेवू नका. ते कुणी घडवलं, कुणाला वाजवावं लागलं आणि कुणी आपखुशीनं वाजवलं, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती आहेत तोवर विचारा. लिंबाजीमामांना विचारायचं राहून गेलं, म्हणून हे मला सांगावं लागलं.