उजव्या काचेवरचा कागद

चष्म्याच्या उजव्या काचेवर चिकटवलेला कागद घामाने कोपऱ्यात सुटला होता, आणि त्या फटीतून मघापासून काहीतरी निळं आत घुसत होतं... भगवंतने अंगठ्याने कागद दाबला. तो पुन्हा उचलला.

समोर अंबरनाथचं शिवमंदिर, पाठीशी कलता सूर्य. मोकळ्या डाव्या डोळ्याला सगळा दगड काकवीत बुडवून काढल्यासारखा दिसत होता — उबदार, पिवळट, त्याचा. फटीतून मात्र तोच दगड काळानिळा, थंड. महिन्यापूर्वी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, तेव्हापासून ही पंचाईत. ‘ऊन खुपतं’ म्हणून घरात सांगितलं आणि काचेवर कागद लावला. उद्या सकाळी डावा. मग पिवळं दाखवणारा डोळाच उरणार नाही, कागद कुठेही लावला तरी.

म्हणजे ही शेवटची संध्याकाळ, आणि ईझलवरचं चित्र अर्धंच. सोनेरी पायथ्यावर शिखराची कोरी जागा — ती कुठल्या डोळ्याने भरायची?

दिसतं तसं रंगवतो, हा त्याचा तोरा. फोटो नाही, पदरचा रंग नाही. पदरचं घालणाऱ्यांची त्याने भर प्रदर्शनात खिल्ली उडवली होती. आणि पालेगावपासून बदलापूरपर्यंत लोकांच्या हॉलमध्ये टांगलेल्या त्या सोनेरी संध्याकाळी — त्या देवळाच्या नव्हत्याच? डोळ्यातल्या गढूळ भिंगाच्या होत्या? पण मी पाहिलं होतं ना ते. पाहिलेलं खोटं कसं असेल... त्याने ब्रश खाली ठेवला.

त्याची बायको कौसाबाई नेहमीसारखी शेजारच्या कट्ट्यावर पाण्याची बाटली घेऊन बसली होती. इतकी वर्षं ती अशीच त्याच्यासोबत यायची, चित्राबद्दल चकार शब्द न काढता.

“अवो, चला आता. उद्या उपाशीपोटी बोलावलाय.”

“कौसा, देऊळ कुठल्या रंगाचं दिसतं तुला?”

“काळा. दगड हाय तो.”

“मग माझ्या चित्रांत पिवळं बघून कधी बोलली नाहीस?”

“मना वाटला, चित्रात तसाच करतात.”

त्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही. तो तिच्याकडे वळला, आणि तेवढ्यात कागद सुटून गवतात पडला.

तिचे केस पांढरे होते. डाव्या डोळ्याला दिसायचे तसे सायीसारखे नाहीत, पांढरेफटक. डोळ्यांखाली निळसर खळगे, ओठ सुकलेले, आणि चेहऱ्यावर एक थकवा — आजचा नव्हे, कितीतरी जुना. हा कधी आला? मी तर रोज समोर बसून जेवत होतो...

“काय बघताव असा?”

“काही नाही.”

उजेड झपाट्याने उतरत होता. शिखराची जागा कोरीच होती, पण त्याला आता तिची आठवणही नव्हती. गवतातला कागद पायाशी पडून होता आणि भगवंत तो उचलायला वाकत नव्हता. डावा डोळा मिटून तो तिच्याकडेच बघत राहिला, अजून काय काय दिसेल या भीतीने, आणि ती बाटलीचं झाकण घट्ट करत त्याच्या उठण्याची वाट बघत होती.