लाकडी पट्ट्यांमागे

माझ्या पिवळ्या अंगावर आता रंग कमी आणि ओरखडेच जास्त आहेत. मित्रांनो, मी एक जुना ओलावामापक आहे. नाव भारदस्त असलं तरी देह तळहाताएवढा. डोक्यावर दोन पोलादी सुया, पोटात बॅटरी आणि हिरवा, पिवळा, लाल असे तीन दिवे. लाकडात किंवा भिंतीत सुया टोचल्या की आत किती ओल आहे ते मी सांगतो. टोचल्याशिवाय मात्र मला एक शब्दही बोलता येत नाही. माझी घडणच तशी आहे.

माझा पहिला धनी एक सुतार होता. हिरवा दिवा लागल्याशिवाय तो फळीला करवत लावत नसे. पुढे त्याला दमा जडला. चार दवाखाने पालथे घालून तो एका डॉक्टरबाईंकडे गेला. बाई गोळ्या द्यायच्याच, पण तेवढ्यावर थांबायच्या नाहीत. माणूस खातो काय, झोपतो कुठे, श्वास कसा घेतो, सगळं विचारायच्या. त्या सुताराच्या कारखान्यात स्वतः गेल्या आणि कोपऱ्यातल्या ओल्या भुशावर चढलेली काळी बुरशी त्यांनीच शोधून काढली. भुसा हलवला, औषधं चालू राहिली आणि सुताराचा दमा हळूहळू आटोक्यात आला. उपकाराची फेड म्हणून त्याने बाईंच्या उपचाराच्या खोलीत चारही भिंतींना देखण्या लाकडी पट्ट्या ठोकून दिल्या. जाताना मला त्यांच्या हातात ठेवून म्हणाला, "मी लाकडं तपासली, बाई. तुम्ही घरं तपासा."

मग माझे सोन्याचे दिवस आले. जुनाट दुखण्याचा माणूस आला की बाई मला पिशवीत टाकून त्याचं घर गाठायच्या. कपाटामागे, पलंगाखाली, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीला मला टोचायच्या. मी लाल झालो की घरच्यांचे चेहरे उतरायचे, पण बाईंचा उजळायचा. दुखण्याचं मूळ हाती लागलेलं असायचं ना! बाईंच्या हाताला यश आहे, असं लोक म्हणायचे. त्यातलं थोडं मला माझंच वाटायचं.

घड्याळकाका हाच लौकिक ऐकून आले. डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली. आता खोकल्याची उबळ आली की चिमट्यातली केसाएवढी स्प्रिंग उडून कुठे जाई, पत्ता लागत नसे. सोबत काकू. बोलायला एक घाव दोन तुकडे. त्यांच्या घरी कपाटामागच्या भिंतीत मी टोचताक्षणी लाल झालो. त्यांनी घर बदललं आणि महिनाभरात काका दुकानात बसू लागले. छाती आणखी मोकळी व्हावी म्हणून बाईंनी त्यांना दर मंगळवारी आणि शुक्रवारी वाफ आणि श्वासाचे व्यायाम लावले. पट्ट्यांच्या खोलीत, दारं-खिडक्या लावून, तासभर.

काही आठवडे बरे गेले आणि मग काका पुन्हा ढासळू लागले.

"मंगळवारी इथून गेले की बुधवार-गुरुवार अंथरुणात," काकू म्हणाल्या. "शुक्रवारी परत इथे, की शनिवार-रविवार तेच."

"आत साठलेलं बाहेर पडतंय, काकू," बाई म्हणाल्या. "बरं होण्याआधी त्रास थोडा उसळतो. जरा सोसा."

"किती दिवस?"

"दोन आठवडे."

दोनाचे सहा झाले. बाई लबाड नव्हत्या. मला घेऊन त्या काकांच्या नव्या घरी गेल्या, दुकानातही गेल्या. दोन्हीकडे मी हिरवा. मी खरंच सांगत होतो, पण माझ्या त्या खरेपणामुळेच बाई आणखी निर्धास्त झाल्या.

दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या मावशी एकदा म्हणाल्या होत्या, "बाई, त्या खोलीला कुबट वास मारतो."

"वाफेचा असेल. सकाळी खिडकी उघडत जा," एवढंच बोलून बाईंनी पुढच्या रुग्णाला हाक मारली. मी तेव्हा त्यांच्या टेबलाच्या खणात होतो. त्या खोलीची भिंत माझ्यापासून चार हातांवर होती.

मग तो मंगळवार आला. काकांच्या खोकल्याची लय मला एव्हाना पाठ झाली होती. भरदुपारी ती मध्येच तुटली. खुर्ची पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ बाईंचा आवाज, अगदी हलका आणि घाईचा: "मावशी, गाडी बोलवा. आत्ता." पावलं धावली, दार आपटलं आणि दवाखाना रिकामा झाला. काकांचे ओठ निळे पडले होते, असं मावशी नंतर फोनवर कुणाला तरी सांगत होत्या.

चौथ्या दिवशी काकू एकट्याच आल्या. बाईंसमोर बसल्या. "मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, छातीतली सूज बुरशीचीच आहे. आणि जुन्या घराची नव्हे. अजूनही कुठूनतरी ती त्यांच्या छातीत जातेय. ते विचारत होते, हे सध्या असतात कुठे?"

"घर कोरडं आहे. दुकान कोरडं आहे. मी स्वतः तपासलंय."

"मग तिसरीकडे कुठे जातात ते, तुम्हीच सांगा. घर, दुकान आणि इथे."

बाईंनी खण उघडला. मला उचललं.

पट्ट्यांच्या खोलीत त्यांनी मला आधी लाकडात टोचलं. मी पिवळा झालो. "वाफेमुळे असेल," त्या पुटपुटल्या, पण स्वतःलाही ते पटलं नसावं. मावशींकडून पेचकस मागून त्यांनी खालची पट्टी उचकटली. मागची भिंत काळी होती. मांजराच्या पाठीसारखी मऊ लव तिच्यावर उगवली होती. वरच्या मजल्याचा नळ आतल्या आत थेंब थेंब गळत होता आणि सुताराच्या देखण्या पट्ट्यांनी ते सगळं झाकून ठेवलं होतं.

मित्रांनो, आयुष्यात त्या एकाच क्षणी मला खोटं बोलावंसं वाटलं. ज्या हातांनी मला इतकी वर्षं मान दिला, त्याच हातात मी होतो. सुया भिंतीत रुतल्या आणि मी लाल झालो.

दारात उभ्या काकूंकडे वळून बाई म्हणाल्या, "माझं चुकलं. खोली आधी तपासायला हवी होती. आणि सोसा म्हणायला नको होतं."

"मला सांगून काय उपयोग?" काकूंचा आवाज चढला नाही. "तिकडे आडवे पडलेत त्यांना सांगा. आणि बाकीचे इथे येतात त्यांनाही."

बाईंनी दवाखान्याला कुलूप लावलं आणि तडक काकांकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी मावशी नंबर वाचत होत्या आणि बाई एकेका रुग्णाला स्वतः फोन करत होत्या. प्रत्येकाला तेच, काही न झाकता. कुणी फोन आपटला. कुणी म्हणालं, कशाला बोभाटा करता, गुपचूप भिंत रंगवून घ्या. निम्मे लोक परत आलेच नाहीत. बाईंच्या हाताला यश आहे, हे वाक्य त्यानंतर मी कधी ऐकलं नाही.

काका वाचले. पूर्वीसारखे झाले नाहीत. जिना चढताना मध्ये थांबतात, दुकानात अर्धा दिवसच बसतात. चार महिन्यांनी बाईंनी दुसरीकडे खोली घेतली. उघड्या भिंती, समोरासमोर दोन खिडक्या. पहिल्याच आठवड्यात काका-काकू दारात उभे राहिले. काकांनी पाऊल उचललं तसं काकूंनी त्यांना दंडाला धरून अडवलं.

"आधी ते यंत्र द्या इकडे," त्या बाईंना म्हणाल्या.

काकूंनी मला आधी उलटं धरलं, मग सुलटं. गुडघ्यावर हात टेकत चारही भिंतींपाशी वाकल्या, कपाट सरकवून मागेही टोचलं. बाई दाराशी हात मागे बांधून उभ्या होत्या, परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या. प्रत्येक वेळी मी हिरवा झालो.

"या आत," काकू नवऱ्याला म्हणाल्या. मग बाईंना, "पुढच्या वेळीही बघणार."

"बघा," बाई म्हणाल्या आणि मला काकूंच्याच हातात राहू दिलं.

मित्रांनो, घरात, शाळेत, कामाच्या जागी कुणी म्हणालं, मला इथे त्रास होतो, तर त्याला सोसायला सांगू नका. आधी उठून भिंत बघा, आणि तीही स्वतःची. माझ्यासारखं एखादं यंत्र खणात पडलं असेल, तर त्याची बॅटरी बदला आणि त्याला कामाला लावा. भिंतीला दोन बारीक भोकं पडतील. ती बुजवता येतात.