खेकड्याची नांगी आणि मारुतीची करंगळी

शनिवारी चार वाजले की बोईसरच्या मजूरवस्तीतला नळ ओस पडे. हंडे रांगेत तसेच, आणि माणसं सगळी पलीकडच्या मांडवात. कारण मांडवात दाढीवाले अंकुरनाथ महाराज खेकड्याला नवा हात फुटवीत.

साल एकोणीसशे सहासष्ट. तारापूरला अणूवर चालणारं वीजघर उभं राहत होतं आणि त्याच्या बांधकामावर सातारा, नगर, बीडकडची माणसं येऊन राहिली होती. दिवसभर अणुयुगाचा पाया खणायचा आणि सुट्टी झाली की खेकड्यापुढे नाक घासायचं, असा त्यांचा नेम. यातल्या बहुतेकांनी इथे येईपर्यंत समुद्रसुद्धा पाहिला नव्हता, मग समुद्रातला खेकडा कुठून पाहणार?

महाराज चिमट्याने एक भला थोरला खेकडा माठातून उचलीत, त्याची एक नांगी कडकन मोडीत आणि ती भक्तांत फिरवीत. मग खेकडा पुन्हा माठात, माठावर भगवं कापड आणि त्यावर भस्माची मूठ.

"ओम फुट फुट, अंकुर फुट! हाड जुळ, मांस जुळ! बोला भक्तांनो, या मुक्या जिवाला हात हवा का नको?"

"हवा!" सगळा मांडव ओरडे.

"जोरात बोला. त्याला कान नाहीत!"

कापड दूर होई, चिमटा आत जाई आणि खेकडा बाहेर येई. मोडलेल्या नांगीच्या जागी इवलीशी, फिकट, कोवळी नांगी! "डोळ्यांदेखत फुटली!" असं जो तो शेजाऱ्याला सांगे. डोळ्यांदेखत फक्त कापड होतं, पण ते बोलणार कोण?

गर्दीत बसलेली रखमा खेकड्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती नवऱ्याच्या डाव्या हाताकडे.

मारुती साताऱ्याचा. तीन आठवड्यांपूर्वी रसाच्या गुऱ्हाळावर त्याला गावाचा अभिमान दाटून आला होता. "ऊस असा घालत्यात व्हय? सर बाजूला," म्हणत त्याने स्वतःच चरकात ऊस सारला. ऊस गेला, आणि पाठोपाठ अर्धी करंगळीही गेली. स्टेशनाजवळच्या कृष्णकांत डॉक्टरांनी जखम धुऊन शिवली आणि एक दिवसाआड यायला सांगितलं. मारुती दोनदा गेला. मग आला शनिवार.

महाराजांनी पट्टी सोडून फेकली आणि भस्म, शेण न् हळदीचा लेप थापला. "एकवीस दिवसांत करंगळी येईल. पण डॉक्टरची सुई टोचली की कोंब जळाला म्हणून समज!"

आठव्या दिवशी मारुती झोपडीत नाचायला लागला.

"रखमे, खाजतंय!"

"कुठं?"

"करंगळीच्या नखाला."

"अवो, नख हाय कुठं तुमच्या करंगळीला?"

"तेच तर! कोंब फुटतोय!"

महाराजांनी त्याला मांडवात उभं करून ही खाज भक्तांना जाहीर केली. करंगळी येईना, सूज मात्र मनगटापर्यंत आली. लेपाला वास मारू लागला, अंगात ताप मुरला. रखमाने डॉक्टरचं नाव काढलं की मारुती उसळे, "तुझ्या संशयानं कोंब करपायचा!" तिला भीती होती ती आख्ख्या हाताची. करंगळीवाचून माणूस घमेलं उचलतो. हातच गेला तर काय करणार होता तो?

गुरुवारी बाजारात किनाऱ्यावरच्या नवापूर गावची बायडी कोळीण मासे घेऊन बसली होती. ती प्रत्येक चिंबोरी उलटी करून बघत होती. चिंबोरी म्हणजे तिथला खेकडा.

"मावशे, उलटं काय बघतीस?" रखमाने विचारलं.

"नर का मादी ते. हा पोटावरचा पडदा चिंचोला, तो नर. हा रुंद, गोल, ती मादी. गिऱ्हाईक मागल तशी द्यावी लागते."

तेवढ्यात टोपलीतून इवल्याशा नांगीची एक चिंबोरी वर आली. रखमाने हात जोडले.

"पाया कुनाच्या पडतेस?" बायडी हसली. "बाय, नांगी तुटली का चिंबोरीला नवी येते. जुना कवच टाकला का भायेर निंगते. पयली बारकी असते. आमच्यात शेंबडा पोर पन जानतो. वस्तीतला एक दाढीवाला हाय, दर शनवारी सकाली एक धडधाकट नेतो, एक बारक्या नांगीची नेतो. मी बोलले, बाबा, त्या बारक्या नांगीत खाशील काय? तर बोलतो, मला पथ्य हाय!"

रखमाने टोपलीतल्या दोन चिंबोऱ्या उलट्या करून पोटावरचे पडदे नीट बघून घेतले. मग तिने बायडीच्या कानाशी तोंड नेलं. "ह्या शनिवारी त्याला धडधाकट नर दे, न् बारक्या नांगीची मादी."

"देते की. त्याला काय कलतंय!"

शनिवारी महाराजांनी खेकडा उचलताच रखमा उभी राहिली. "महाराज, उलटा करा की. पोटाला बी नमस्कार करीन म्हणते."

अशी भक्ती महाराजांनीही पाहिली नव्हती. त्यांनी खुशीने खेकडा उलटा केला.

"पोटावरचा पडदा चिंचोळा. म्हंजी नर," रखमा मोठ्याने म्हणाली. "समद्यांनी बघून ठेवा."

नांगी मोडली, मंत्र झाला, कापड हटलं, चिमट्यात कोवळी नांगी आली.

"आता हा बी उलटा करा."

"देवाला एकदाच उलटं करतात, बाई!"

"दावा की महाराज," मागून कुणीतरी म्हणालं, आणि चिमटा वळला. पडदा रुंद होता, चांगला गोल.

"मादी!" रखमा म्हणाली.

माणसं माना उंचावून बघू लागली. मग खंडेराव मुकादम गहिवरून उठला. "नराची मादी केली! याहून मोठा चमत्कार कुठला? बोला, अंकुरनाथ महाराज की..."

"जय!"

रखमाने कपाळावर हात मारला. आणि पुढे होऊन सरळ माठालाच लाथ घातली. माठ फुटला. आतून एक फडकं निघालं आणि फडक्याखालून मघाचा नर खेकडा, एका नांगीचा, तिरका तिरका चालत भक्तांच्या भेटीला आला. त्याला लपवायला महाराज चिमटा विसरून हातानेच झेपावले. उरलेली नांगी खेकड्याने त्यांच्या अंगठ्यावर खर्च केली.

"आई गं, मेलो!" महाराज स्टेशनच्या दिशेने पळाले, ते खेकड्यासकट.

रखमाने मारुतीचं सुजलेलं मनगट टाळून दंड धरला आणि दवाखाना गाठला. "आगं, पण खाज?" तो वाटभर म्हणत होता.

दवाखान्याच्या बाकावर भगव्या फडक्यात अंगठा गुंडाळून महाराज बसले होते. "डॉक्टर, धनुर्वाताचं इंजेक्शन द्या," ते विनवत होते. "मोठी सुई असली तरी चालेल!"

मारुती बघतच राहिला. "महाराज, भस्म संपलं व्हय?"

महाराजांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मारुतीने मुकाट्याने आपला हात डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

लेप निघाला, पू निघाला. "आणखी चार दिवस गेले असते तर हात कापावा लागला असता," डॉक्टर म्हणाले. इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी भांडलेली रखमा तेव्हा हमसून हमसून रडली.

"आनि ही खाज, डाक्टरसाहेब?" मारुतीने विचारलं.

"खाज खरी आहे. बोटातून मेंदूपर्यंत नस जाते. बोट तुटलं, पण नसेचं टोक राहिलं आणि मेंदूतली करंगळीची जागाही राहिली. टोक सांगावा धाडतं, मेंदू समजतो की करंगळी खाजतेय."

"आनि खेकड्याला कसं येतं?"

"आपलं शरीर बारीक पेशींचं. एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार, म्हणून मूल वाढतं आणि जखम भरते. खेकड्याच्या पेशी तुटलेली नांगी पुन्हा बांधतात. माणसाच्या पेशी जखम बुजवून थांबतात. त्यांना तेवढं तरी करू दे, वर शेण थापू नकोस."

मारुतीने मान डोलावली. "मंग खाज सुटली तर खाजवू कुठं?"

डॉक्टरांनी हसत नवी पट्टी बांधायला घेतली.

खाज खरी होती, नांगी खरी होती. खोटा होता तो दोन्हींच्या मध्ये मांडव घालून बसलेला माणूस. निसर्गाच्या नवलाईला हात जरूर जोडावेत, पण मग जोडलेले हात सोडून तीच नवलाई उचलून, उलटसुलट करून बघावी आणि जाणत्याला विचारावं. मारुती महिन्याने कामावर गेला. डाव्या हाताच्या साडेचार बोटांनी घमेलं उचलताना कुणी म्हणालंच, "श्रद्धा कमी पडली तुझी," तर तो म्हणे, "कमी न्हाई बाबा, जास्त झाली. हात थोडक्यात वाचला."