सगळेच मधले

"देवापुढे बसलीस की आधी तुझ्याहून कमी असलेल्यासाठी माग, मग स्वतःसाठी," आई सांगायची. मी ते अजून पाळते, आणि तेही चहाच्या आधी. सध्या माझ्या प्रार्थनेत आमचा जिना पुसणाऱ्या मावशी होत्या. त्यांचा गुडघा बरा व्हावा म्हणून मी देवाच्या इतकी मागे लागले होते की त्यालाही माझा कंटाळा आला असावा. प्रार्थना झाली की मी लिफ्टने खाली जाऊन दूध आणायची. लिफ्टच्या दारावर पाटी होती : कामाच्या लोकांनी लिफ्ट वापरू नये. ती मी रोज वाचायची, साबणाची जाहिरात वाचावी तशी.

परवा लिफ्ट बंद पडली. पिशवी घेऊन जिना चढते आहे, तर मावशी पायरीवर बसलेल्या. शेजारी भरलेली बादली.

"बसा ताई, दम लागला असेल."

मी बसले. "गुडघा कसा आहे? मी रोज प्रार्थना करते हं तुमच्यासाठी."

"करा की. पण वरचे मजले दुपारपर्यंत होत नाहीत म्हणून सेक्रेटरीसाहेब दुसरी बाई बघतायत. मला एक तारखेपासून येऊ नका म्हणाले." त्या गुडघा चोळत राहिल्या. "देवाला गुडघ्याचं सांगता, तसं साहेबांना लिफ्टचं सांगितलं असतं तर..."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. देवाला सुचलं असेल, पण त्याला मध्ये बोलायला मी सवड कुठे दिली होती?

"गरिबाचं कोण ऐकतं, मावशी," मी पुटपुटले. गरिबात सोयीपुरतं मी स्वतःलाही धरलं होतं.

"आम्ही गरीब नाही हो." मावशी जरा दुखावल्या. "स्वतःची पक्की खोली आहे. आम्ही मधले. गरीब ते पुलापलीकडचे."

मी चपापले. मधले म्हणजे आम्ही, अशी माझी इतके दिवस समजूत.

"मी बोलते साहेबांशी. आजच," मी म्हणाले.

म्हणाले खरं, पण माझा आवाज असा की दारावरचा भाजीवालासुद्धा दोनदा "काय?" विचारतो. म्हणून आधी सोबत शोधायला सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे गेले. एव्हाना लिफ्ट दुरुस्त झाली होती, तिनेच गेले. हा नियम त्यांच्यासारख्या बड्या लोकांचाच, असं मी मनाशी पक्कं धरलं होतं.

"आपलं कोण ऐकणार हो?" वहिनी भल्यामोठ्या सोफ्यात रुतून म्हणाल्या. "आपण मधली माणसं. बडे लोक ते टेकडीवरचे. आणि मला तर वाटलं, हा नियम तुम्हा खालच्या मजल्यांनाच हवा होता."

घरी आले. हे पेपर वाचत होते.

"अहो, आपण कोण? गरीब की श्रीमंत?"

"मधले," हे पान उलटत म्हणाले. "का?"

"वहिनीही मधल्या, मावशीही मधल्या. अख्खी इमारत मधली, आणि बादली तेवढी एकट्या मावशींच्या हातात. त्यांना लिफ्ट वापरू द्या, असं सेक्रेटरीसाहेबांना सांगायला हवं."

"मग उद्या बोल. आत्ता साहेब जेवत असतील."

मला हायसं वाटलं. तेवढ्यात साहेबांना सुबुद्धी दे म्हणून देवाला सांगावं, असं ठरवून मी बसलेही. डोळे मिटले. पण काल गुडघा त्याच्या गळ्यात घातला, आज साहेब घालायचे. मग माझ्याकडे काय राहिलं?

उठले. पदर सारखा केला, चपला घातल्या.

"कुठे?" यांनी विचारलं.

"आलेच."

दार हलकेच ओढून घेतलं आणि पहिलं वाक्य ऐकू जाईल अशा आवाजात म्हणून बघत साहेबांच्या घराकडे निघाले.