पुलाच्या अलीकडची रेघ

भाताच्या कुकरचं बटण टक् करून वर आलं आणि कोझुए दचकली. आवाज रोजचाच, पण सकाळपासून घरात कुणी तोंड उघडलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी वरच्या रिकाम्या घराच्या अंगणात अस्वल येऊन गेलं होतं. पर्सिमनचं झाड ओरबाडून, फांद्या मोडून, पिकली फळं चिखलात तुडवून गेलं होतं. त्या अंगणात परवापर्यंत तिची पाच वर्षांची लेक फुमी एकटी खेळायची.

सासऱ्यांनी भाताची वाटी पुढ्यात ओढली. "आपल्या खोऱ्याची शिरगणती अस्वलानं नगरपालिकेच्या आधी केली म्हणायची," एइकिची म्हणाले. कोणी हसलं नाही, तसे तेही गंभीर झाले. "आज तेवढी आपली वाडी रेघेच्या आत घालून ये, सूनबाई. खोऱ्यातून तुझंच नाव निघालंय. दुसरं कोण बोलणार आपल्यासाठी?"

ती रेघ म्हणजे मिनासावा शहराच्या पुढल्या चाळीस वर्षांच्या आराखड्यातली. माणसं दरवर्षी कमी होत चाललेली; सगळीकडे सगळं पुरवणं आता झेपायचं नाही, हे नगरपालिकेनं कबूल केलं होतं. रेघेच्या आत पाण्याचे नळ बदलतील, बर्फ काढणारं यंत्र येईल, दवाखाना राहील. रेघेबाहेरच्यांना कोणी हुसकावणार नव्हतं. फक्त तिथला नळ एकदा फुटला की फुटला. ही रेघ कुठून जावी हे सांगायला चिठ्ठ्या टाकून काही नागरिक निवडले होते. त्यात कोझुए.

कोझुएची धास्ती मात्र अस्वलाच्या आधीची होती. मागच्या जानेवारीत भर दुपारी फुमीचा श्वास अडकला. रुग्णवाहिका आली ती पुलापाशीच थांबली. पलीकडे वाडीपर्यंत कमरेएवढा बर्फ. पुढे एइकिची फावड्यानं वाट करताहेत, मागे नवरा तोमोहारू लेकीला रजईत गुंडाळून चाललाय, आणि रजईच्या फटीतून दिसणारे ते निळसर ओठ. पोर वाचली. त्या दिवसानंतर एइकिची म्हणायला लागले, यंत्र वाडीपर्यंत आलंच पाहिजे. कोझुएच्या मनात दुसरंच आलं होतं. ते तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. हवेत बर्फाचा वास आला की ती नुसती फुमीच्या छातीवर हात ठेवून बसायची.

आधीच्या बैठकांत ती वाडीसाठी भांडली होती. सगळेच आपापल्या गल्लीसाठी भांडले होते. म्हणून की काय, आजच्या बैठकीला आराखड्याचं काम बघणारे शिगेतासाहेब जत्रेत घालतात तसले पिवळे कोट घेऊन आले. म्हणाले, कोट घातला की तुम्ही चाळीस वर्षांनंतरची माणसं. काय व्हायला हवं ते सांगायचं नाही. काय झालं, ते सांगायचं.

"मी तेव्हा फोटोत असेन, उदबत्तीच्या धुरात," तोफूवाल्या कुवाताबाई म्हणाल्या. "फोटोला कोट कसा चढवणार तुम्ही?"

सगळे हसले. कोझुएनं कोटाच्या बाह्यांत हात घातले. तिनं ठरवलं, आपण फुमी व्हायचं. पंचेचाळीस वर्षांची फुमी. वाक्यंही जुळवून ठेवलेली : रस्ता साफ आहे, वाडीच्या खिडक्यांत दिवे आहेत. ती उठली, आणि तोंडून भलतंच बाहेर आलं.

"मी फुमी. स्टेशनजवळ राहते. वर वाडीत आता फक्त आई आहे. पहिला बर्फ पडला की मला झोप लागत नाही. फोन वाजत राहतो आणि ती उचलत नाही. मी म्हणते, खाली ये. ती म्हणते, तुझ्या आजोबांना शब्द दिलाय. तिच्यावर मला रागावताही येत नाही."

स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. वाडीत खिडकीशी बसलेली म्हातारी, ती स्वतःच, तिला स्पष्ट दिसली. दारापर्यंत चढलेला बर्फ दिसला. खाली बसावं, हे नाटक होतं म्हणावं, असं वाटलं, पण ती उभीच राहिली.

आता कोणी हसत नव्हतं. शिगेतासाहेबांनी नकाशा पुढे सरकवला. खोऱ्यात रेघ ओढायला दुसऱ्या कुणाचाच हात धजेना. कुवाताबाईंनी पेन्सिल हळूच तिच्याकडे लोटली. कोझुएनं बाजारपेठेकडून सुरुवात केली, शाळेला वळसा घातला, नदीच्या काठानं वर आली. पुलापाशी हात थांबला. मग पुलाच्या अलीकडूनच तिनं रेघ मागे वळवली. पलीकडे सात घरं तशीच राहिली, कोऱ्या कागदावर.

पेन्सिल खाली ठेवली तेव्हा खरी भीती आली. मान वर केली तर दाराच्या काचेला नाक लावून फुमी उभी होती, आणि तिच्या मागे एइकिची. न्यायला लवकर आले होते. काचेतून ती उभी राहून बोलताना दिसली असणार. ऐकू काही गेलं नसणार, नकाशाही तिथून दिसला नसणार.

"पिवळा शोभतो तुला," एइकिची गाडीचं दार उघडत म्हणाले. "पुढल्या जत्रेत ढोल तुझ्याच गळ्यात." मग मागे वळून नातीला म्हणाले, "तुझ्या आईनं वाडी राखली हं आज. उभं राहून बोलत होती, आणि सगळी सभा गप्प."

पुलाच्या आधी सांगून टाकायचं, असं कोझुएनं ठरवलं. दुकानं मागे पडली, शाळा मागे पडली. एइकिची वसंतात गोठ्याचं छप्पर बदलायचं म्हणत होते. आता बदलायला हरकत नाही, म्हणाले. तिनं दोनदा "बाबा" म्हणायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा नुसताच श्वास घेतला. पूल दिसायला लागला. डोंगराच्या माथ्यावर पांढरं काहीतरी उतरत होतं.

मागच्या सीटवरून फुमीनं तिच्या खांद्याला बोट टोचलं. नात काय म्हणतेय ते ऐकायला एइकिचींनी रेडिओ बंद केला.

"आई, तो कोट घालून तू कोण झाली होतीस गं?"