तीनशे आणि दोन तीस

"आपा, हे शॉकअप या गाडीचे नाहीतच," असं म्हणत कुवानने टेप पुन्हा लावली. वरच्या कडीच्या मध्यापासून खालच्या कडीच्या मध्यापर्यंत तीनशे तीस मिलिमीटर. रॉकेलने घासल्यावर गंजाखालून आकडाही तोच निघाला. गाडीच्या जुन्या पुस्तकात मात्र तीनशे साठ छापलेलं होतं.

शारापत खोक्यावर बसून ऐकत होती. तिचा नवरा ओमुरझाक जनावरांच्या डॉक्टरचा मदतनीस. याच लाल मोटरसायकलवरून त्याने उभा जन्म डोंगरातली कुरणं पालथी घातली, हजारो मेंढ्यांना सुया टोचल्या. आता पाठ पार कामातून गेली होती. यंदा एकदाच वर जाऊन यायचं, एवढंच त्याचं मागणं. घोडा डॉक्टरने बंद केलेला, मोटार तिथवर जात नाही. कुवान चालवेल आणि हा मागे बसेल, पण धक्के बसता कामा नयेत, म्हणून शॉकअप बदलायला तिने गाडी आणली होती.

कुवान मेकॅनिक चांगला, पण जिभेला हाड नाही. त्याने मडगार्ड खालून दाखवलं. चाक घासून घासून पत्रा लख्ख झाला होता. "प्रत्येक खड्ड्याला चाक इथे आदळायचं आणि दणका थेट पाठीत. कुणी दिले हो हे काकांना? डोळे फुटले होते का त्याचे?"

 ते शॉकअप शारापतनेच आणले होते.

लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते तेव्हा. त्यांच्या रीतीप्रमाणे सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, नावात असलेला शब्दही उच्चारायचा नाही. सासऱ्यांचं नाव अल्तीमिश, म्हणजे त्यांच्या भाषेत साठ. ते जन्मले त्या वर्षी त्यांच्या आजोबांना साठ पूर्ण झाली होती. झालं! सुनेच्या तोंडातून साठ हा आकडाच गेला. अंडी मोजताना पन्नासावर नऊ झाली की पुढच्या अंड्याला ती "आणि एक" म्हणायची. त्या वसंतात मेंढ्यांची वीण सुरू होती, ओमुरझाकला सवड नव्हती, म्हणून नारीन शहराच्या बाजारात तिला पाठवलं. दुकानात गर्दी, त्यात शेजारची म्हातारी शेजारीच उभी. दुकानदाराने माप विचारलं. शारापतने मान खाली घालून सांगितलं, "तीनशे, आणि दोन तीस." त्याने तीनशे तीसचे दोन काढून कागदात बांधून दिले.

ओमुरझाकने ते निमूटपणे बसवले. गाडी मागून अशी बसली की गावाने तिचं नावच 'खुडूक कोंबडी' ठेवलं. कुणी चिडवलं की हा म्हणायचा, माप मीच विसरलो, माझंच डोकं फिरलं होतं. सगळे हसायचे. शारापतही हसायची, आणि आज तेच तिला काट्यासारखं टोचत होतं.

घरी येऊन तिने चहा ओतला, पण स्वतः घेतला नाही.

"अहो, शॉकअप आखूड आहेत हे कधी कळलं तुम्हाला?"

"बसवतानाच."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय? आईने बदलायला तुलाच पाठवलं असतं. भरल्या दुकानात सगळे तुला हसले असते. चार महिन्यांची नवरी तू."

"आणि नंतर? चाळीस वर्षं?"

"नंतर नवे आणले असते तर तू विचारलं असतंस, का आणले म्हणून."

तिला रडू आवरेना. माझ्यापायी तुमच्या पाठीचं वाटोळं झालं, असं ती म्हणत राहिली. पाठ मेंढ्या उचलून गेली, असं तो सांगत राहिला. खोटं बोलायला त्याला कधीच जमलं नाही, आणि या एका बाबतीत तो जन्मभर रेटून बोलला होता.

दुसऱ्या दिवशी कुवानने शहरातल्या दुकानात फोन लावला आणि तेलकट हातांनी तो तिच्या कानाशी धरला. माप तुम्हीच सांगा म्हणाला. सासरे जाऊन वीस वर्षं झाली होती. मामंजी, आजच्या दिवस माफ करा, असं मनात म्हणून तिने स्पष्ट सांगितलं, "तीनशे साठ." पलीकडच्याला नीट ऐकू आलं नाही. "साठ," ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने. कुवान तिच्याकडे बघतच राहिला. एवढ्या वर्षांत हा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

माल चौथ्या दिवशी आला. मागची बाजू एकदम खाली बसू नये म्हणून कुवानने एका वेळी एकच शॉकअप सोडवला; जुने बोल्ट रात्रभर तेलात भिजवून ठेवले होते, तरी वरचा एक कापावाच लागला. गाडी अंगणात आणली तेव्हा गाव बघायला जमलं. मागचा भाग चांगलाच वर आला होता. ओमुरझाक काठी टेकत बाहेर आला, सीटवर तळवा दाबून त्याने पाहिलं. सीट मऊपणे खाली गेली आणि वर आली. तो खूश झाला.

कुवान पुढे बसून गाडी सरळ धरून राहिला. ओमुरझाकने पाय उचलला, पण तो सीटपर्यंत पोचेना. दुसऱ्यांदाही पोचला नाही. लोक इकडेतिकडे बघू लागले. कुणीतरी स्टूल आणायला निघालं.

शारापत पुढे झाली. सगळ्यांसमोर तिने गुडघा जमिनीला टेकला आणि दोन्ही तळव्यांची ओंजळ त्याच्या पायाखाली धरली.

ओमुरझाकने तिच्या खांद्यावर हात ठेवला, एका पायाने दुसऱ्याची टाच दाबून आधी बूट काढला, आणि मग पाय ठेवला.