वारस नसलेली बायको

शिंप्याच्या मागे राहिली ती त्याची दुसरी बायको. तिचा धर्म वेगळा, आणि लग्नानंतरही तिनं तो बदलला नव्हता. दोघांचं त्यावाचून कधी अडलं नाही. तो नमाजाला उठला की ही मशीन थांबवायची. ही हात जोडून बसली की तो कात्री खाली ठेवायचा.

आता तो गेला, आणि वाटणीसाठी काझीसाहेब दुकानातच कापडाच्या ताग्यांमध्ये येऊन बसले. तिला दुकान नकोच होतं. मागची खोली आणि काजांचं मशीन राहिलं, तरी उरलेला जन्म निघाला असता.

नणंदेनं मात्र कंबर कसली होती. "काझीसाहेब, धर्म वेगळा असला की वारसा नाही. खरं ना?"

"खरं आहे. शरीयतप्रमाणे ही वारस नाही. वारस तुम्ही आणि मुलगी."

"ऐकलंस, वहिनी? मी काही पदरचं सांगत नाही."

सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान हिनं काढून मशीनवर ठेवलं. संपलं.

सावत्र मुलगी चुळबुळत होती. "अब्बा दवाखान्यात म्हणाले होते, मागची खोली आणि मशीन हिला द्या. पण मरताना असं देणं, म्हणजे वसीयत, बायकोला चालत नाही म्हणतात, म्हणून मी गप्प बसले."

काझी हसले. "चालत नाही ती वारसाला. एका ताटात दोनदा कशाला वाढायचं? पण ही वारस नाहीच, हे तुझ्या आत्यानं आत्ता साऱ्या दुकानाला ऐकवलं! वारस नसलेल्याला तिसऱ्या हिश्श्यापर्यंत देता येतं. खोली नि मशीन त्याहून जास्त भरतंय?"

"छे!" मुलगी म्हणाली. "हे दुकान, वरचे दोन मजले... ती खोली म्हणजे ताग्यापुढे चिंधी."

काझी नणंदेकडे वळले. "तुमच्याही वाट्यातून जाणार. तुम्ही ऐकलं होतं का?"

हिचा जीव कानांत गोळा झाला. नणंद नाही म्हणाली असती, तर कोण काय करणार होतं?

"ऐकलं की! मी काय बहिरी आहे?" नणंद फणकारली. "हक्क सांगितला असता तर भांडले असते. भावानं दिलेलं कसं काढून घेऊ? उद्या त्याला तोंड दाखवायचंय."

हिला रडू फुटलं.

"पुरे, वहिनी. माझ्या झग्याची काजं कधीची पडलीत. रडून झालं की तेवढी कर."

डोळे पुसत तिनं अंगुस्तान पुन्हा बोटात घातलं. "आण इकडे," ती म्हणाली.